परातफेरी

"पूस तो फळा. आत्ताच्या आत्ता पूस," मास्तर दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून ओरडत होते आणि खाली चौकात चाळीस बायका पितळी पराती घेऊन उभ्या होत्या.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आमच्या लालबागच्या चाळीच्या दारात बातम्यांचा फळा असायचा. रिटायर झालेले शाळामास्तर रोज सकाळी वरून मजकूर सांगायचे, मी खाली लिहायचो. गिरणीत मी साधा बदलीवाला, कुणी खाडा केला तरच काम. हातात खडू आला की चाळीचा राजा. पण मास्तरांच्या तोंडात मशेरी आणि माझ्या कानाशी चार नळ धो धो. एकदा 'सत्याग्रहींची तुकडी'ची मी 'सत्तर गिऱ्हाइकांची तुकडी' केली, तर तळमजल्यावरच्या खानावळवाल्या मालवणी काकूंनी सत्तर माणसांचा भात टाकला. आज 'प्रभातफेरी, घरटी एक' याचं झालं होतं 'परातफेरी, घरटी एक'.

"परात हाडलंय, मास्तरानू," काकू म्हणाल्या. "आता हेच्यात काय घालूचा तां सांगा."

"पूस म्हणतो ना," मास्तर मला म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत तेच लिहिलंय."

पुसलं म्हणजे चूक कबूल. चूक कबूल म्हणजे खडू गेला पहिल्या मजल्यावरच्या कारकुनाकडे. त्याचं अक्षर मोत्यासारखं, आणि तो महिनाभर टपून बसला होता. मी हाताची घडी घालून उभा राहिलो.

दुसरं कुणी पुसायलाही धजेना. कारण पोलीस अधूनमधून येऊन फळा साफ करून जायचे, म्हणून नियम ठरला होता: ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं. इतर कुणी पुसला की पोलीस आले असं समजून हाताला लागेल ते भांडं बडवायचं, ते ऐकून शेजारच्या चाळीने बडवायचं. नियम खुद्द मास्तरांचा.

मास्तर तरातरा खाली आले आणि रागाच्या भरात त्यांनी धोतराच्या सोग्याने फळा स्वच्छ पुसून टाकला.

काकूंनी कोऱ्या फळ्याकडे पाहिलं. मग मास्तरांकडे.

"नियम तुमचोच हां," म्हणाल्या आणि परातीवर लाटणं हाणलं.

चाळीस पराती एकदम कडाडल्या. समोरच्या चाळीने उचललं, तिथून परळ, तिथून दादर. शिवाजी पार्कावरचे कावळे दुपारपर्यंत झाडावर टेकले नाहीत, हे मी शपथेवर सांगतो. पाव तासात रस्त्यावर मुंगीला जागा उरली नाही. शेवटी खरे पोलीस आले, तेही पोलीस कुठे घुसलेत याची चौकशी करायला. जमलेली माणसं परत पाठवायची कशी? मास्तरांनी फेरीच काढली. एवढी मोठी फेरी आमच्या भागात त्याआधी निघाली नव्हती. पुढे मास्तर, मागे पराती, आणि घोषणा कुणाला ऐकू येतील तर शपथ.

परतताना मी मास्तरांच्या बाजूला सरकलो.

"मास्तर, खडू माझ्याकडेच ना?"

"ठेव," ते म्हणाले. "उद्या सातला ये. उशीर करू नको."