धारवाल्याची लेखी तक्रार

आमच्या ह्यांना सगळे धारवाले म्हणतात. बर्फावरच्या हॉकीच्या बुटांना खाली काढता-घालता येणारी पोलादी पाती असतात, त्यांना हे धार लावून देतात. सुऱ्या-कात्र्या नाही, हे आधीच सांगून ठेवते. शेजारीण अजूनही दर दोन महिन्यांनी बोथट कात्री घेऊन दारात उभी राहते आणि ह्यांचा पारा चढतो.

माणूस कसा विचाराल, तर संशयी. दूधवाला दूध ओतून गेला की पातेलं उजेडाला धरून बघणार. एका डॉक्टरने दिलेली गोळी दुसऱ्याला दाखवल्याशिवाय गिळणार नाहीत. माझी सख्खी बहीण बेल वाजवून "मी आहे" म्हणाली, तर "मी म्हणजे कोण?" असं विचारून तिला पायरीवर तिष्ठत ठेवलेलं आहे. लग्न झालं तेव्हा मी हसायचे. पुढे मलाही लागण झाली. आता घरात दोघंही कुलूप लावल्यावर ओढून बघतो, एकामागून एक.

पण खरं सांगू का, ह्या कामाला असाच माणूस लागतो. पात्याच्या मधोमध लांबलचक उथळ खाच असते आणि खाचेच्या दोन्ही अंगांना दोन धारा. दोन्ही अगदी एका पातळीत हव्यात. एक केसभर वर राहिली की खेळणारा वळताना घसरलाच. म्हणून हे धार लावून झाली की पात्यावर एक छोटी सपाट पट्टी आडवी ठेवतात, डोळा बारीक करतात, पुसतात, परत ठेवतात. धारेच्या चाकावर विश्वास नाही, पट्टीवर नाही, स्वतःच्या डोळ्यावरही नाही.

आमची खोली बर्फाच्या मैदानातच, प्रेक्षकांच्या बाकांखाली. छत तिरकं, त्यामुळे मागच्या अंगाला वाकूनच जावं लागतं. एक चाक, एक लोखंडी टेबल, भिंतीला फळ्या. ह्यांच्या हातून पातं सुटलं की पुढचं काम माझं: पुसायचं, गंजाचा डाग असेल तर स्पिरिटने काढायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि दोन-दोनची जोडी कापडी पिशवीत बांधून ठेवायची. खोलीच्या किल्ल्या दोन. एक आमच्याकडे, दुसरी गाडीवाल्याकडे. गाडीवाला म्हणजे बर्फ गुळगुळीत करायची ती अवाढव्य गाडी चालवणारा. त्याच्या गाडीचंही एक लांब पातं असतं, ते आमच्याच फळीवर असायचं. मला वहिनी म्हणायचा. ह्यांना मात्र काही म्हणायचा नाही, नुसता हसायचा, आणि तेच ह्यांना खटकायचं. "उगाच कोण हसतं गं?" म्हणायचे.

तर झालं असं, की बुधवारी सरावात मुलींच्या संघाची कप्तान पडली. साधं वळण घेताना तोल गेला आणि पाय सरळ कडेच्या लोखंडी फाटकावर जाऊन आदळला. घोटा मुरगळला. मैदानाचे मॅनेजरसाहेब तिचे बूट हातात धरून आमच्या खोलीत आले आणि म्हणाले, "धारवाले, हे तुमचं काम की आणखी कुणाचं?"

झालं! नाकाला मिरच्या झोंबल्या. ह्यांनी बूट हिसकावून घेतला, उलटा केला, दिव्याखाली धरला. उजव्या पात्याला पुढच्या बाजूला एक दाता पडला होता, तांदळाच्या कणीएवढा.

"हे बघा," हे ओरडले, "मी दिलं तेव्हा हा नव्हता! कुणीतरी लोखंडावर घासलंय. आणि ह्या खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?"

आता मी गप्प बसायचं की नाही? पण जीभ वळवळली. मी म्हणाले, "अहो, मंगळवारी संध्याकाळी तो आपल्या खोलीचं दार ओढत होता. मी स्वतः पाहिलं."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी लाखातली एक. "बघा! कुठेतरी पाणी मुरतंय म्हणत होतो ना मी!" मॅनेजरसाहेब म्हणाले, लेखी द्या. ह्यांनी लेखी दिलं, दीड पान, आणि साक्षीदार म्हणून खाली माझं नाव. साहेब म्हणाले, सोमवारी निर्णय. आरोप खरा निघाला तर गाडीवाल्याला घरी बसावं लागेल. त्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. मला तर चांगलंच माहीत होतं, तिच्यासाठी जुन्या मऊ साड्या मीच दिल्या होत्या. तरी वाटलं, आई आजारी असली म्हणून माणूस काही देवमाणूस होत नाही. इतकी मी ह्यांच्यासारखी झाले होते.

गाडीवाल्याला कळलं तेव्हा तो खोलीत आला. फळीवरून आपलं लांब पातं उचललं, किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. तेव्हा हसला नाही. हे म्हणाले, "बघितलंस? मनात पाप असल्याशिवाय कोण किल्ली देतं?" मी मान डोलावली.

शनिवारी कप्तान लंगडत आली. बूट तसेच फळीवर पडले होते. मी तिला स्टुलावर बसवलं. हे चहा आणायला गेले होते.

"काकू, खरं सांगू?" ती म्हणाली. "मी घसरले नाही. बर्फावर पाय ठेवल्यापासूनच तिरकी उभी होते. एक पाय खड्ड्यात असल्यासारखं. म्हटलं, नवी पाती आहेत, सवय होईल."

मी म्हटलं, "उभी असतानाच?"

"हो ना. नुसती उभी असताना."

 धार बिघडली तर माणूस सरकतो. नुसता उभा राहून कशाला कलेल?

आता हे समजून घ्या. प्रत्येक धारेला पातं थोडं झिजतं. वर्षभर वापरलेलं पातं नव्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरने बुटकं होतं. कप्तानकडे दोन जोड्या होत्या, एक जुनी आणि एक नवीकोरी. मंगळवारी चारही पाती माझ्या हातात आली होती. जुन्यांवर गंज होता, मी स्पिरिटने खसाखसा पुसलं आणि त्यांच्यावर जोडी ओळखायला पेनने घातलेले आकडेही पुसले गेले. नव्यांवर ते अजून घातलेच नव्हते. मला वाटलं, काय होतंय, ओळखीन नजरेने. त्यात बहिणीचा फोन. ह्यांनी तिला पायरीवर उभं केल्याचा राग ती अजून काढत होती. मी कानाशी फोन धरून भांडत होते, हाताने पिशव्या बांधत होते.

कप्तान गेली तशी मी फळीवरून तिची दुसरी पिशवी ओढली, त्यातली पाती काढून टेबलावर शेजारी-शेजारी उभी केली. एक उंच, एक बुटकं. मग बुटातली काढली. एक उंच, एक बुटकं.

 बुटातून पाती काढून मोजायचं ह्यांच्या मनातही आलं नव्हतं. दाता दिसला, की नजर तिथेच अडकली. आणि दाता तर फाटकावर आपटून पडला असणार! धार चोख होती, किल्लीवाला चोख होता. चुकले होते मी.

हे चहा घेऊन आले. मी म्हटलं, "अहो, जोड्या माझ्याकडून बदलल्या. एक जुनं, एक नवं बांधलं मी. तिचा तोल त्यानेच गेला."

ह्यांनी चहा खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "गाडीवाला भेटला होता का तुला?"

"अहो, नाही!"

"त्याच्या आईने निरोप पाठवला? रडली असेल. तू भोळी आहेस गं. अशी चूक तू करशील? मला शिकवतेस?"

काय म्हणावं ह्या माणसाला! अख्ख्या जगावर संशय, आणि मी माझ्या तोंडाने कबूल करतेय तर माझ्यावर घ्यायला तयार नाहीत. मला हसू आलं आणि लगेच रडूही. मी केसभर फरक दाखवणारं मोजमापाचं व्हर्निअर त्यांच्या हातात कोंबलं. "मोजा."

त्यांनी मोजलं. चारही मोजली. परत मोजली. तिसऱ्यांदा मोजली आणि व्हर्निअर टेबलावर ठेवून दिलं. चहा तसाच गार झाला. माझ्याकडे बघितलं नाही. 

सोमवारची वाट न बघता आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. ह्यांनी कागद परत मागितला आणि म्हणाले, "चूक आमच्या खोलीतली आहे." आमच्या म्हणाले, बायकोची नाही म्हणाले. त्यासाठी मी त्यांच्या पाया पडेन.

मग गाडीपाशी गेलो. ह्यांनी किल्ली पुढे केली. गाडीवाल्याने घेतली, पण हसला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, मंगळवारी तुमचं दार उघडं राहिलं होतं. म्हणून मी ओढून घेत होतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. 

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं काम सुरू झालं. मी पहिली जोडी पुसली, तेल लावलं, पिशवीत घातली, नाडी बांधली. हे चाक बंद करून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.  पिशवी उचलली, मी बांधलेली गाठ सोडली, पाती बाहेर काढली आणि व्हर्निअर लावलं. इतक्या वर्षांत मी बांधलेली गाठ त्यांनी कधी सोडली नव्हती.

"मोजा," मी म्हटलं, "सगळीच मोजा." आणि पुढचं पातं पुसायला घेतलं.