खडूची फुली

बॉयलर बंद करून चार दिवस झाले होते. आत माणूस उभा राहू शकेल इतपत गारवा आला होता. आमचे जुने फिटर, शिंदेमामा, दोरीला बांधलेलं लोहचुंबक नळ्यांच्या खालच्या बेंडला एकेक करून लावत होते. या नळ्यांच्या भारी पोलादाला चुंबक चिकटत नाही. चिकटलंच, तर आत खपल्या साचल्यात असं समजायचं.

वर्षभराच्या धगीत वाफेमुळे नळीला आतून काळी खपली धरते. धग असेपर्यंत ती बसून राहते. बॉयलर थंड झाला की सुटते आणि बेंडमध्ये जाऊन पडते. तशीच राहिली तर वाफेची वाट अडते, आणि पुन्हा पेटवल्यावर नळी फुटते.

"चालू होतं तोवर काही तक्रार नव्हती," मामा म्हणाले.

माझे वडील सूतगिरणीत होते. माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हा चौदाव्या दिवशी ते पाळीवर हजर झाले. पुढे कितीतरी वर्षं त्यांनी त्याचं नाव काढलं नाही. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, जेवताना भात कालवता कालवता, ते त्याला हाका मारत रडायला लागले.

चुंबक एका बेंडला टक्‌कन चिकटलं. मामांनी तिथे खडूने फुली मारली आणि ते पुढच्या नळीकडे सरकले.

गिरणी सुटली तेव्हा आम्हीच वडिलांना म्हणालो होतो, आता निवांत बसा.