खडखडणाऱ्या दाराचा पंचनामा

ती घटना आठवली की आजही त्या मोटारीच्या मालकाआधी मला माझाच राग येतो.

ऐंशीच्या दशकात मी नाशिकला फौजदार होतो. सातपूरच्या एका कारखानदाराच्या मोटारीतून त्याच्याच ऑफिसातली टायपिस्ट वळणावर बाहेर फेकली गेली. मांडीचे हाड मोडले. ड्रायव्हरने दार न लावताच गाडी हाकली, अशी मालकाने फिर्याद दिली. मी ड्रायव्हरला अटक केली. निफाडकडचा, पन्नाशीचा माणूस. जामिनाला गावाहून कोणी येईपर्यंत तो कोठडीतच होता.

"दार मी लावलं व्हतं, साहेब. लॉक गेलंय म्हणून मालकाला लय येळा सांगितलं," एवढेच तो म्हणत राहिला. आरोपी असेच बोलतात, असे समजून मी ते जबाबात घेतले आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी एक गॅरेजवाला ठाण्यात आला. "त्या दाराचं काम मी केलंय, साहेब. ड्रायव्हरचा दोष नाही."

पंच घेऊन आम्ही मोटारीपाशी गेलो. दाराच्या चौकटीवर टायरच्या ट्यूबचा जाड तुकडा चिकटवलेला होता. गॅरेजवाल्याने तो उपटला आणि गाडी आवारात फिरवली. दार खडखडू लागले. तुकडा परत लावला, आवाज थांबला. मग आत बसून त्याने दाराला कोपर टेकवले. दार उघडले.

"लॉक झिजलंय, म्हणून वाजतं. रबर लावलं की वाजत नाही, पण लॉक अर्धंच अडकतं."

"मग लॉक का नाही बदललं?"

"दोन दिवस गाडी ठेवा म्हटलं होतं. शेठ म्हणाले, पाहुणे यायचेत, आवाज तेवढा बंद कर." तो खाली बघत म्हणाला, "आणि मी केला."

मालकाला बोलावले. "दाराच्या आवाजासाठी ठाण्यात बोलावता?" तो म्हणाला.

"ड्रायव्हरने तुम्हाला सांगितलं होतं?"

"ड्रायव्हर रोज काहीतरी सांगतात. कुठे लक्ष देणार?"

ते वाक्य जसेच्या तसे जबाबात लिहून मी त्याची सही घेतली आणि गुन्हा त्याच्यावरच नोंदवला. पुढे कोर्टात त्याच वाक्याने त्याला दोषी ठरवले. शिक्षा झाली ती दंडाची. साक्षीला कुबडीवर आलेल्या त्या बाईकडे त्याने पाहिलेही नाही.

ड्रायव्हर सुटला, पण मालकाने त्याला परत कामावर घेतले नाही. मी ओळखीच्या दोघांकडे शब्द टाकला. कोठडीत जाऊन आलेला माणूस नको, असे दोघेही म्हणाले. त्याला कोठडीत मी घातले होते. त्यानंतर निवृत्तीपर्यंत आधी वस्तू तपासल्याशिवाय मी कोणाला हात लावला नाही. हे शहाणपण मला आले, त्याची किंमत त्याने मोजली.