ते नाटक त्यांनी बसवलं

कपाळावर तळहात ठेवायचा, तो हनुवटीपर्यंत खाली ओढायचा आणि म्हणायचं, "चेहरा पुसा. आता चालू." दौंडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमधली आमची तालीम अशी सुरू व्हायची. एवढं करूनही कुणी भुवया उडवल्याच, तर मास्तर त्याच्या तोंडाला पंचा गुंडाळत आणि तसाच प्रवेश करायला लावत.

"मास्तर, आमी काय दरोडेखोर हाय का?" फायरमन धोंडिबा पंच्याच्या आतून ओरडायचा.

"चेहरा खोटारडा," मास्तर म्हणत. "तोंड हसेल, पाय रडेल. मी पायाचं ऐकेल."

त्यांचं मराठी असंच होतं, स्टेशनवरच्या खानावळीत शिकलेलं. त्या काळी दौंडला गाडी बदलताना तुम्ही चहा घेतला असेल, तर कदाचित त्यांच्याच हातचा. उंच, जरा पोक आलेले, करड्या मिशांचे. गाव त्यांना इराणी म्हणायचं. गोरा माणूस चहा देतो म्हणजे इराणीच. ते ग्रीस देशाचे होते. सुरुवातीला ते "इराणी नाही, ग्रीस" असं सांगत. मग सांगायचं सोडून दिलं. त्यांचं खरं नाव लांबलचक होतं. ते मला कधी धड उच्चारता आलं नाही, आणि मी पुन्हा विचारलंही नाही. म्हणून इथे नुसतं मास्तर.

आपल्या देशात त्यांनी नाटकं बसवली होती, चित्रपट केले होते. महायुद्ध संपलं आणि तिथे आपसातच लढाई पेटली. मास्तर हरलेल्या बाजूला होते. त्यांचे चित्रपट सरकारने जाळले की कुलपात ठेवले, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. बोटीने मुंबई गाठली, एका स्टुडिओत पडदे रंगवले, स्टुडिओ बंद पडला, आणि कुणाच्या तरी ओळखीने ते दौंडच्या खानावळीत लागले. "घरी कोण असतं?" असं मी एकदा विचारलं. "होते," म्हणाले आणि कपबश्या आवरायला लागले.

मी मालधक्क्यावर कारकून होतो आणि इन्स्टिट्यूटच्या नाटकमंडळाचा चिटणीस. त्यांना तालमीला मीच बोलावलं होतं. तेवढं माझ्याकडे राहू द्या.

त्या वर्षीचं नाटक शिरूरच्या मिशन शाळेतल्या एका शिक्षकांनी लिहिलेलं. पाटाच्या पाण्यावरून भांडणारे दोन भाऊ आणि त्यांची आई. आई म्हणजे लुगडं नेसलेला धोंडिबा. मुलगा मेल्याची बातमी आली की आईने ऊर बडवायचा, धाडकन आडवं पडायचं आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या, ही आमची रीत. मास्तरांनी आईला पाठमोरी उभी केली. समोर परात, हात पिठाचे. नुसतं उभं राहायचं.

"आन् रडायचं कवा?" धोंडिबाने विचारलं.

"तू नाही. ते रडेल." मास्तरांनी रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं.

प्रयोग शिरूरला, शाळेच्या पटांगणात होता. पुण्याचे एक चित्रपट काढणारे गृहस्थ बघायला येणार होते. खेड्यावरच्या चित्रपटासाठी ते दिग्दर्शक शोधत होते, आणि ही गोष्ट मीच मास्तरांना सांगितली होती. मास्तर दाढी करून आले. अंगात धोंडिबाचा लग्नातला कोट, बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर.

"मास्तरला आता सिनेमावाला नेतोय," धोंडिबा ट्रकमध्ये म्हणाला. "मंग आमाला च्या कोन पाजनार?"

"तू शीक," मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ते विचारेल, कोण केलं? तुम्ही सांगा. माझं मराठी खराब."

मी हो म्हणालो.

आईच्या प्रवेशाला पटांगण गप्प झालं. धोंडिबाचे खांदे किंचित खाली आले आणि बायकांमधून हुंदका उठला. पडदा पडला. अध्यक्ष हार-नारळ घेऊन उभे राहिले आणि दिग्दर्शकांना वर बोलावलं. मास्तर पडद्याची दोरी धरून होते. त्यांनी दोरी सोडली, कोटाला हात पुसले आणि पुढे आले.

"अरं, ह्यो तर टेसनावरचा च्यावाला इराणी!" खालून कुणीतरी ओरडलं. पटांगण हसलं.

अध्यक्ष गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपणच ना?"

मी हो म्हटलं नाही. नुसती मान वाकवली. हार गळ्यात पडला. तेव्हा मला काय वाटलं, हे इतकी वर्षं शोधतो आहे. काही वाटलंच नाही. मास्तर दोरीपाशी परत गेले.

पुण्याचे गृहस्थ मागे येऊन भेटले. "आई पाठमोरी उभी करायचं कुणाला सुचलं हो?"

मास्तर हाताच्या अंतरावर होते.

"तालमीत सुचत गेलं," मी म्हणालो.

त्यांनी मलाच पुण्याला बोलावलं. मी गेलो नाही. जाऊन करणार काय होतो?

परतताना मास्तरांनी कोट घडी करून धोंडिबाला दिला. "तुझी पाठ आज खरं बोलली," एवढंच म्हणाले. धोंडिबा माझ्याकडे बघत होता. "हार लई जड झाला का, भाऊसायेब?"

त्यानंतर मास्तर तालमीला आले नाहीत. "आता काम फार," म्हणायचे. मला चहा मात्र नेहमीसारखाच द्यायचे, "या" म्हणायचे. इराणी चक्रम होता, नाटकमंडळ सोडून गेला, असं गावात अजून सांगतात. मी ते कधी खोडलं नाही. ते नाटक माझ्या नावावर राहिलं आणि त्यावर माझे सत्कार झाले. ते मी बसवलेलं नाही.

पुढे एका हिवाळ्यात मास्तर न्यूमोनियाने गेले. शिरूर मिशनचे पाद्री आले. दफनाला आम्ही पाचसहा जण होतो. प्रार्थनेत सांगायला पाद्रींनी नाव विचारलं. कुणालाच ते नीट येत नव्हतं.

"बरं, करत काय होते?"

धोंडिबाने माझ्याकडे पाहिलं. तो थांबला होता. सगळेच थांबले होते.

"स्टेशनवर, खानावळीत होते," मी म्हणालो.

पाद्रींनी मान हलवली आणि प्रार्थनेत तेवढंच सांगितलं. मग आम्ही एकेक मूठ माती टाकली.