घड्याळाला दात नसतात

आता जे लिहितो आहे ते मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. ठाकुर्लीहून मोहने, तिथून कोपर आणि कोपरहून खाडीपलीकडे, असा एका दिवसाचा प्रवास मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी केला. अंतर म्हणाल तर सायकलवालाही हसेल. पुढे मी काश्मीर पाहिलं, कन्याकुमारी पाहिली, परत येऊन लोकांना फोटो दाखवले. ह्या प्रवासाबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

त्या वेळी ठाकुर्लीत एका लहानशा संस्थेच्या भट्टीवर मी देखरेख करत असे. भट्टी म्हणजे जुन्या गोदामात चार चुली, एक चक्की आणि सहा बायका. अशक्त, वजन न वाढणाऱ्या पोरांसाठी बाहेरून डबे मागवण्यापेक्षा इथल्या बायकांनीच पौष्टिक पीठ करावं, अशी कल्पना. गहू, चणाडाळ, शेंगदाणे, गूळ आणि तेव्हा आमच्याकडे नवं असलेलं सोयाबीन. सगळं भाजून, दळून पुड्यांत भरायचं. आईने कोमट पाण्यात कालवून पोराला भरवायचं. शिजवायला लागत नाही, म्हणून तर ते गरिबाच्या घरी चालायचं. आणि शिजवायचं नाही, म्हणून सगळी मदार भाजण्यावर.

भाजायला शेवंताबाई होत्या. कल्याणच्या एका बौद्ध वस्तीतून चालत यायच्या. दारातच "जय भीम, सर" म्हणायच्या, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायच्या आणि मगच कढईशी बसायच्या. सोयाबीन कच्चं राहिलं तर पोट बिघडवतं, हे मी पुस्तकात वाचून त्यांना सांगितलं होतं. त्या ते दातांनी ओळखायला शिकल्या. प्रत्येक घाण्यातले आठ-दहा दाणे तळहातावर चोळायच्या, फुंकरीने साल उडवायच्या, एकेक दाणा दाताखाली फोडायच्या. "अजून हिरवट लागतंय" म्हणाल्या की घाणा उतरत नसे.

श्रावणातली सर्द हवा होती. सोयाबीनच्या दोन पोत्यांनी ओल धरली होती आणि दुसऱ्या दिवशी वाटपाचा कार्यक्रम, पाहुणे, हार, सगळं ठरलेलं. मी मनगटावरचं घड्याळ काढून चुलीशेजारी ठेवलं. एका घाण्याला बारा मिनिटं.

"सर, दाणं दमट हायेत. बारा मिनिटांत आतून व्हायचे नाहीत."

"शेवंताबाई, घड्याळ चुकत नाही."

त्यांनी दाणा फोडला, तोंड वाकडं करून थुंकल्या. "घड्याळाला दात असतात का?"

बाकीच्या बायका खुदकन हसल्या. ते हसणं मला झोंबलं. "उतरवा म्हणतो ना!" मी ओरडलो. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घाणा उतरवला. तो आणि पुढचे सगळे.

वाटप झालं, टाळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मोहन्याच्या बालवाडीतून निरोप आला: पीठ खाल्लेल्या काही पोरांची पोटं बिघडलीत. मी गोदामाच्या कोपऱ्यात गेलो. भाजलेल्यातले चार दाणे तळाशी उरले होते. एक फोडला. आत पिवळाधमक, कच्च्या शेंगेसारखा उग्र. तो थुंकून टाकला. म्हणजे प्रवासाला निघण्याआधीच मला सगळं ठाऊक होतं, हे इथेच सांगून ठेवतो.

भट्टीचा तीनचाकी टेम्पो बबन चालवायचा. डोंबिवलीचा पोरगेला गडी, तोंडाला कुलूप नाही.

"काय सर, वाटलेलं परत घ्यायला चाललोय आपण? मी बारश्याच्या घुगऱ्या परत मागायला पण कधी गेलेलो नाय. पब्लिक धुणार आज."

"गाडी चालव."

"चालवतोय ना. तुम्ही एवढा घाम का पुसताय?"

कल्याण ओलांडून मोहन्याला पोहोचलो तेव्हा कामगारांच्या चाळींत पाण्याची वेळ होती. नळावर बायकांची रांग, कळशांचा खणखणाट. मी टेम्पोतून उतरून सांगितलं, "पुड्यांचं वजन कमी भरलंय, बदलून देतो." त्या दिवसातलं ते माझं पहिलं खोटं. किती सहज आलं तोंडात!

"दिलेलं परत?" एक उंच बाई कळशी कमरेवर घेत म्हणाली. "रुसलेल्या सासऱ्याचा आहेर आहे का हो हा?"

सगळा नळ हसला. पुड्या मात्र आल्या. एकीने तर पुडी फोडलीच नव्हती. कागद कोरा करकरीत, म्हणून फळीवर देवाशेजारी ठेवलेली. एकीने लाडू वळून पाहुण्यांना घातले होते. उंच बाईचा मुलगा दोनदा खाऊन चारदा धावला होता. "आता बघा कसा मातीत लोळतोय," ती म्हणाली. तीन-चार पोरं मलूल होती, पण खेळत होती, पाणी पीत होती. मला हायसं वाटायला हवं होतं.

वाटलं नाही. मोहन्याची पोरं त्यातल्या त्यात धडधाकट. पुड्या कुणाकुणाला द्यायच्या ती यादी मीच केली होती, आणि त्यात सगळ्यात हलकं नाव खाडीपलीकडच्या कोळ्यांच्या पाड्यावर होतं. हिरा नावाच्या मुलीची चौदा महिन्यांची लेक. तिला काट्यावर ठेवलं तेव्हा काटा हललाय की नाही हे मी दोनदा वाकून पाहिलं होतं. त्या पोरीला जुलाब लागले असतील, तर तिच्या अंगात जाण्यासारखं होतं काय?

"बबन, कोपरला चल. आणि वाटेत साखर घ्यायची आहे."

कोपरच्या मागे शेतं संपली की खाडी लागते. तिवरांची हिरवी भिंत, तिच्याआड करडं पाणी, लांबवर रेतीच्या होड्या. एरवी मी तिथे थांबून बगळे पाहिले असते. त्या दिवशी मी फक्त पाणी पाहिलं, कारण ते मागे हटत होतं.

"ओहोट लागलाय," होडीवाला म्हणाला. "आता भरतीवर या."

"भरती कधी?"

"तिसऱ्या पारी (तिसऱ्या प्रहरी)."

"मला आत्ता जायचंय. पोर आजारी आहे."

तो उठला. पोराचं नाव काढल्यावर त्याने पैशाचंही विचारलं नाही. पलीकडचा काठ हाकेवर आला तशी होडी चिखलात रुतली. "उतरा, सर. इथनं पायी." मी काही धोतर नेसणारा नव्हे, पँट मांडीपर्यंत दुमडली आणि उतरलो. चिखलाने गुडघे गिळले. एक चप्पल तिथेच राहिली. साखरेची पिशवी डोक्यावर धरून मी एकेक पाय उपसत होतो, आणि पाड्यावरून रडण्याचा आवाज येतो का, याकडे कान लागले होते. आवाज येत नव्हता. आवाज न येण्याची मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

झावळ्यांनी शाकारलेलं घर. ओट्यावर हिराची सासू, पारूबाई, मांडीवर नात घेऊन बसलेली. अंगणात जाळं आणि जवळ्याचा (बारीक सुक्या कोळंबीचा) वास. मला बघून ती म्हणाली, "सर, आयलाव? पोरीचे पोटान कायच रेत (राहत) नाय. पानी पन नाय."

मी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती चिमूट तशीच उभी राहिली. डोळे खोल, ओठ कोरडे, टाळू खचलेली. पोर रडत नव्हती कारण रडायलाही पाणी लागतं.

उकळलेलं पाणी होतं. गार करून त्यात साखर, मीठ कालवलं, चव घेतली, आसवांहून खारट नाही ना ते पाहिलं, आणि चमच्याने ओठांवर सोडायला लागलो. ओकली. थांबलो. पुन्हा एक चमचा. हिरा शेजारी बसून पदराचं टोक चावत होती. दवाखाना पाण्यापलीकडे आणि पाणी नव्हतं. मनात मी जे जे नवस बोललो त्यांत एक असाही होता: ही वाचली तर सगळ्यांना खरं सांगेन.

उन्हं कलली. केव्हातरी पारूबाई मांडीकडे बघत एकदम किंचाळली. मी दचकलो. ती हसत होती.

"मुतली गं बाय! माझं अख्खं लुगरं भिजवलं रांडंनी!"

हिरा रडायला लागली. थोड्या वेळाने पोरही रडली, बारीक, चिडका आवाज. असलं सुरेल रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

मग त्यांनी मला जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, वर कच्चा कांदा. मी एरवी मासळी खात नसे. त्या दिवशी खाल्ली. ज्या घराचं पोर मी मरणाच्या दारापर्यंत नेलं होतं, त्या घराची भाकरी. प्रत्येक घास पाण्याबरोबर उतरवावा लागला. "खा रं सर," पारूबाई आग्रह करत होती. "तू नसतास तर गेलती पोर."

ओट्याखाली शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. पारूबाईने सहज विचारलं, "पन त्ये पिठान व्हतं काय? कोनी भाजलं?"

ह्या वाक्यापर्यंत यायला मला इतकी वर्षं लागली. 'मी' एवढं म्हणायचं होतं. तोंडात घास होता. तो गिळला आणि म्हणालो, "शेवंताबाईंनी."

"कोन ती?"

"कल्याणची." आणि मी त्यांच्या वस्तीचं नावही सांगितलं. कुणी विचारलेलं नसताना.

खालच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, "हां. मंग बरोबर." दुसरी म्हणाली, "हात कसं अस्तील." माझ्या ताटात वाढायला उचललेली भाकरी पारूबाईने क्षणभर तशीच धरली. तो क्षण माझ्यासाठी थांबला होता. मी मान खाली घालून चटणी पुसून घेतली.

भरती आली. उरलेली पुडी बगलेत मारून, एका चपलेनिशी मी परतलो. कोपरला बबन टेम्पोत झोपला होता. "मेली का वाचली?" त्याने डोळे चोळत विचारलं. वाचली म्हटल्यावर त्याने हॉर्न वाजवला, लांबलचक.

भट्टीच्या दारात शेवंताबाई बसून होत्या. घरी गेल्या नव्हत्या.

"पोरं?"

"बरी आहेत."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "दाणं कच्चं होतं, सर. तुम्ही सांगितलंत ना तिकडं?"

"हो," मी म्हणालो.

पुढच्या खेपेला पाड्याने पुड्या घेतल्या नाहीत. तिच्या हातचं नको म्हणाले. संस्थेत बैठक झाली, 'वाद नको' असं ठरलं, आणि शेवंताबाईंना भाजण्यावरून काढून झाडलोटीला लावायचं ठरलं. त्या बैठकीत मी होतो. मी खिडकीबाहेर बघत होतो. निरोप ऐकून त्यांनी कढई घासून पालथी घातली. दुसऱ्या बाईला जवळ बसवून दाणा कसा चोळायचा, कुठल्या दाताखाली धरायचा, हे पुन्हा एकदा दाखवलं. हात धुतले, कोपरापर्यंत, आणि गेल्या. परत आल्या नाहीत. भट्टी नंतर कितीतरी वर्षं चालली. पोरांची वजनं वाढली. एकही घाणा घड्याळावर उतरला नाही.

मध्यंतरी, नव्वदच्या दशकात, मी एकदा त्या काठावर जाऊन आलो. पाणी भरलेलं होतं, होडी तयार होती. होडीवाल्याने विचारलं, "कोनाकडं?" मी म्हणालो, "कुणाकडे नाही. सहज आलेलो." आणि मागे फिरलो. त्या दिवशी ओहोटी असती तर निदान सबब मिळाली असती.

हिराची लेक आता चांगली मोठी बाई झाली असेल. तिला सांगत असतील, कुणाच्या तरी हातचं खाऊन तू लहानपणी मरता मरता वाचलीस. त्या 'कुणाच्या तरी'ला त्या घरात अजून माझं नाव नाही.

पारूबाईच्या ओट्यावर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मला सांगायचं आहे की दाणे कच्चे मी उतरवायला लावले आणि शेवंताबाईंचे हात स्वच्छ होते. मग कल्याणला त्यांच्या दारात जाऊन सांगायचं आहे की त्या संध्याकाळी मी 'हो' म्हणालो ते खोटं होतं. ही दोन्ही देणी अजून बाकी आहेत.