निरोप कुठल्या मशीनवरून निघाला

मालन गांगुर्डेला माफ करणं जमत नसे. जमवायची इच्छाही नव्हती.

१९८८ साली ती सातपूरच्या एका कारखान्यात संगणक विभागात होती. बी.एस्सी., फटकळ, कामात चोख. तिचे साहेब जयराम बोरस्ते यांनी वर्कशॉपला संगणकावरून दांड्यांचं चुकीचं माप कळवलं आणि खाली नाव टाइप केलं मालनचं. तीनशे दांडे भंगारात गेले. मालन गेली जावक टेबलावर, तिकिटं चिकटवायला.

"बाई, नाव तुमचं आहे. मी काय करू?" बोरस्ते म्हणाले. वर हसले.

हा माणूस पुन्हा चुकणार आणि पुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात घालणार, याची तिला खात्री होती. मशीन जोडणाऱ्या केबलवरून जाणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे निरोपाचा पत्त्यासकट बांधलेला गठ्ठा, नोंदवायला तिने विभागातल्या गोरक्षला बसवलं आणि वाट पाहिली.

अकरा महिन्यांनी बोरस्ते चुकलेच. या वेळी नाव घातलं नव्या सुमनचं. पोर रडत बसली.

"रडतेस काय? सापडलाय तो!" मालन म्हणाली.

चौकशीत तिने मोठ्या साहेबांपुढे त्या निरोपाच्या पॅकेटची छापील नोंद ठेवली.

"नाव तर सुमनचंच दिसतंय," बोरस्ते म्हणाले.

"ते मजकुरात. तिथे कुणीही काहीही टाइप करील. मजकुराच्या आधी बघा. पहिला पत्ता, बारा अक्षरांचा, जायचंय त्या मशीनचा. दुसरा, निघालं त्या मशीनचा. मग आत काय प्रकारचा माल आहे त्याची खूण, मग मजकूर, शेवटी तपासणीचा आकडा, वाटेत बिघडलं तर कळावं म्हणून. दुसरा पत्ता मशीनमधलं, केबल जोडायचं कार्ड आपणहून घालतं. कार्डं बसवली तेव्हा सगळ्यांचे नंबर मीच रजिस्टरात लिहिलेत."

बोरस्ते पांढरे पडले. मोठ्या साहेबांनी सगळ्या विभागाला बोलावलं, तेवढ्यात बाहेर तिला गाठून पुटपुटले, "मालनताई, मिटवू या. तुमची खुर्ची परत देतो."

"खुर्ची मी घेणारच आहे. तुम्ही आत चला."

आत सगळा विभाग जमला होता. तिने कागद त्यांच्याच हातात दिला. "दुसरा पत्ता वाचा. मोठ्याने."

त्यांनी वाचला.

"एक अक्षर गाळलंत. पहिल्यापासून."

पुन्हा वाचला. बाराही अक्षरं.

"रजिस्टरात हे कुणाचं मशीन?"

"माझं."

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

"माझं!"

"आणि दांड्यांचा निरोप?"

त्या दिवसाची नोंद कुठेच नव्हती; गोरक्षने नोंदी सुरू केल्या त्यानंतर. मालन मात्र गोरक्षच्या नोंदींच्या जाड गठ्ठ्यावर हात ठेवून उभी राहिली. बोरस्त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, उघडायला काही सांगितलं नाही.

"तोही मीच पाठवला," ते म्हणाले.

"लिहून द्या," मालन म्हणाली आणि पेन पुढे केलं.