साडीचा उजवा पाय

आमच्या गल्लीत आता हातमाग बघायचा असेल तर माझ्याच घरी यावं लागतं. बाकी बेळगावच्या ह्या सगळ्या वडगावात पॉवरलूमचा खडखडाट. माझा माग खड्ड्याचा. काठावर बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे आणि खालच्या लाकडी पावड्या आळीपाळीनं दाबत साडी विणायची. खड्ड्यात उतरायला मला कधी अडचण आली नाही. वर येणं मात्र हल्ली सार्वजनिक कार्यक्रम झाला होता. एका बगलेत बायको, दुसऱ्या बगलेत शेजारी आणि मधे मी, पालखी निघाल्यासारखा.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली होती. ऑपरेशन एवढ्यात नको, म्हणाले. वजन उतरवा, मलम लावा, शेक घ्या, आणि मुख्य म्हणजे मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम शिकून घ्या.

मी हसलो. "डॉक्टर, दिवसभर पावड्या दाबतोय मी. माझ्याएवढा व्यायाम बेळगावात कोण करतंय?"

ते मलमाची चिठ्ठी लिहायला लागले. मला वाटलं, पटलं त्यांना.

मलम लावलं, कारण ते बसल्या जागी लावता येतं. वजनाचा दोष बायकोच्या भाकरीवर ढकलला. व्यायाम तर चालूच होता, असं मी धरून चाललो, आणि वर चलाखी केली. उजवा गुडघा दुखतो ना? मग उजवी पावडी हळूच दाबायची, डावी जोरात. कुणाला कळतंय!

कापडाला कळलं. पावडी अर्धी दाबली की ताण्याचे उभे धागे अर्धेच उघडतात आणि आडवा धागा नेणारा धोटा मधले काही धागे चुकवून पळतो. मला ते दिसलं नाही. माझं सगळं ध्यान गुडघ्यात.

शहापुरात ज्या व्यापाऱ्याला मी साड्या देतो, त्यानं घडी मोडली आणि साडी दारातल्या उजेडात धरली, डॉक्टरांनी एक्स-रे धरला होता तशीच.

"आप्पा, ह्या साडीचा उजवा पाय दुखालाय काय?"

दुकानात हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

"पुढची नीट देतो की."

"नगं, आप्पा," तो आवाज उतरवून म्हणाला. "आता पुढची नगं."

घरी बायकोनं विचारलं, "काय म्हनला?"

"साडी लंगडी हाय म्हनला."

ती हसली नाही.

तेव्हा कुठं मी फिजिओथेरपीला गेलो. तिथल्या मुलीनं टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी वाळली होती. "रोज एवढ्या पावड्या दाबता, मग हा पाय असा कसा, आप्पा?" मी छताचा पंखा बघत राहिलो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घालायची, पाय ताठ करून ती दाबायची, धरायचं, सोडायचं. पहिलीतल्या पोरासारखं सगळं केलं. आणि दुखणं खरंच उतरलं. जिना चढायला लागलो. ऐटीत तिला विचारलं, "आता मागावर बसू न्हवं?"

"खड्ड्यात उतरणं-चढणं परत सुरू केलंत तर परत इथंच याल. खुर्चीवर बसून होईल असं काही तरी काम बघा, आप्पा."

मला विणण्याशिवाय काही येत नाही. पण तिनं मांडी मोजली होती, मला नाही.

मागावर अर्धी साडी तशीच ताणलेली होती. वर धूळ बसायला लागली.

"कात्री दे," मी बायकोला म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या की. कुठं घाई हाय?"

"दे गं."

"मी कापतो, तुमी बसा," ती आमच्याकडच्या बायकांसारखं पुरुषी बोलली.

"बसायचंच तर न्हाय म्हणून सांगितलंय."

ह्या विनोदालाही ती हसली नाही. मी वाकलो आणि ताणा कापला. धागे सैल होऊन खड्ड्यात लोंबले. सरळ उभा राहिलो, कुणाच्या हाताशिवाय. गुडघा अजिबात दुखत नव्हता.